जिन्नाची साक्ष, नाहीदचा तपास

पत्र

ताई, मी २१ वर्षांची आहे. ग्वाल्हेरच्या लश्कर भागात, जनकगंजला राहते. कुमार वाचकांसाठी मराठीत एक रहस्य कादंबरी लिहितेय. नायिका नाहीद, वय १५. ती ग्वाल्हेरच्याच हजिरा भागात, सूफी संत मुहम्मद गौस साहेबांच्या मकबऱ्याजवळ राहते. डिसेंबरचं धुकं, रमजानचा महिना. तिच्या नानांच्या लाकडी पेटीतून ‘जवाहर-ए-खम्सा’ची जुनी हस्तलिखित प्रत एका रात्रीत नाहीशी होते. नाहीद आणि तिची मराठी मैत्रीण मुक्ता मोबाइलच्या उजेडात शोध घेत फिरतात. सातव्या प्रकरणात किल्ल्यावर नाहीदला औरंगजेबाचा भाऊ मुरादबक्ष याचं भूत भेटतं आणि ते चोराचं नाव सांगतं. चोर म्हणजे वस्तीतला एक आमिल, ताईत-गंडे देणारा.

लिहिणारा एक मित्र म्हणतो की रहस्यकथेत भूतखेत चालत नाही, तसा नियमच आहे. आजोबा म्हणतात, आपली माणसं सोडून तुला त्यांच्यावर कशाला लिहायचंय? आणि खरं सांगायचं तर मलाच भीती वाटते. मी मुसलमान नाही, मला हे जमेल का? मसुदा सोबत पाठवलाय. सोडून देऊ का?

उत्तर

प्रिय जनकगंजकर,

सोडू नकोस. तुझ्या पत्रातला शेवटचा प्रश्न तोच आहे म्हणून उत्तर आधी देऊन टाकते. मात्र सातवं प्रकरण काढावं लागेल, चोर बदलावा लागेल आणि डिसेंबरचा हिशेब पुन्हा करावा लागेल.

आधी आजोबा. त्यांच्याशी वाद घालू नकोस, त्यांना गोरखीला घेऊन जा. महादजी शिंद्यांचे गुरू बीडचे मन्सूरशाह. लश्करात गोरखीत त्यांचं स्थान आहे आणि शिंदे घराणं त्यांचा उरूस पाळत आलं आहे. आजोबांना गाण्याचं वेड असेल तर काम आणखी सोपं. हद्दू खाँ, हस्सू खाँ यांची गायकी ग्वाल्हेरच्या मराठी घरांत रुजली. निसार हुसेन खाँ तर शंकरराव पंडितांच्या घरी राहून शिकवत. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर हीच गायकी घेऊन महाराष्ट्रात गेले. ज्या शहरात मराठी माणसाचा ‘सा’ खाँसाहेबांकडून आला, तिथल्या मुलीने हजिऱ्याच्या मुलीची गोष्ट लिहिली तर ती आपल्याच माणसांची गोष्ट आहे. आजोबांना हे माहीत असणार. लश्करात राहून हे माहीत नसलेला म्हातारा माणूस मला तरी भेटलेला नाही.

आता तुझ्या मित्राचा नियम. नियम खरोखर आहे. रोनाल्ड नॉक्स नावाच्या इंग्रज रहस्यकथाकाराने १९२९ मध्ये गुप्तहेरकथेचे दहा नियम लिहिले आणि त्यांतल्या दुसऱ्या नियमात अलौकिक शक्तींना बाहेर ठेवलं. हा नॉक्स स्वतः कॅथलिक धर्मगुरू होता, हे लक्षात घे. देवावर श्रद्धा असलेल्या माणसाने हा नियम घातला, कारण प्रश्न वाचकाशी सचोटीने वागण्याचा होता. तपास करणाऱ्याला जे दिसतं ते वाचकालाही दिसायला हवं आणि उत्तर त्यातूनच निघायला हवं. तुझ्या कादंबरीत सहा प्रकरणं नाहीद आणि मुक्ता जीव तोडून धडपडतात आणि सातव्यात एक मेलेला शहजादा येऊन नाव सांगून जातो. मग त्या सहा प्रकरणांतल्या खुणांचं काय झालं? वाचणारा १२-१३ वर्षांचा मुलगा चिडेल, आणि त्याचं चिडणं योग्य असेल.

पण माझी यापेक्षा मोठी तक्रार वेगळी आहे. मुरादबक्षाचं भूत नाहीदच्या जगातलं नाही. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर मुरादला कैदेत ठेवलं होतं आणि १६६१ मध्ये तिथेच मारलं, हा इतिहास आहे. म्हणून त्याचं भूत तुला सुचलं, हे स्वाभाविक आहे. पण नाहीद ज्या श्रद्धेत वाढली, त्या श्रद्धेत मेलेल्या माणसाचा आत्मा बरजखमध्ये, म्हणजे मृत्यू आणि कयामत यांच्या मधल्या अवस्थेत असतो. तो बुरुजावर फिरत नाही आणि चोरांची नावं सांगत नाही. किल्ल्यावर कुणी मुरादचं रूप घेऊन समोर आलं, तर नाहीदच्या मनात पहिली शंका हीच येईल की हा मुराद नाही, दुसरं कुणीतरी आहे. तुझ्या मसुद्यात ती लगेच विश्वास ठेवते. म्हणजे त्या क्षणी नाहीद बाजूला झाली आणि जनकगंजची तू तिच्या जागी उभी राहिलीस.

त्या ‘दुसऱ्या कुणा’साठी तिच्याकडे शब्द आहे, जिन्न. कुराणात जिन्न धुराविना असलेल्या आगीपासून निर्माण झाले आहेत. त्यांना माणसासारखीच निवडीची मोकळीक आहे. बहात्तरावी सूरत, म्हणजे अध्याय, तर त्यांच्याच नावाची आहे. तिच्यात काही जिन्न कुराण ऐकतात, श्रद्धा ठेवतात आणि सांगतात की आमच्यात भलेही आहेत आणि तसे नसलेलेही. म्हणजे तुझ्या जिन्नाला स्वभाव देता येईल. तो खरं बोलेल, खोटं बोलेल, अर्धवट बोलेल. आणि याच सूरतेच्या दहाव्या आयतीत, म्हणजे वचनात, जिन्न स्वतः म्हणतात की पृथ्वीवरच्या लोकांचं वाईट व्हायचं आहे की भलं, हे आम्हाला माहीत नाही.

हे वाचताना मला तुझ्या कादंबरीची चावीच सापडली. जिन्नाला गैब, म्हणजे जे नजरेआड आहे ते, ठाऊक नसतं. चौतिसाव्या सूरतेत सुलेमान पैगंबरांचा प्रसंग आहे. जिन्न त्यांच्या हुकमाखाली राबत असतात. सुलेमान काठीवर टेकलेले असतानाच त्यांचा मृत्यू होतो, पण जिन्नांना कळत नाही, ते राबतच राहतात. शेवटी जमिनीतला एक किडा ती काठी कुरतडतो (आपल्याकडच्या भाषांतरांत त्याला बहुधा वाळवी म्हणतात), देह खाली येतो आणि तेव्हा कुठे जिन्नांना समजतं. एवढे बलवान, पण समोर उभा असलेला माणूस जिवंत नाही हे त्यांना सांगता आलं नाही. सांगितलं ते वाळवीने.

तुझ्या नानांची पेटी लाकडाची आहे ना? मग मला जे दिसतं ते सांगते, पटलं तर घे. जिन्न नाहीदला भेटतो आणि एवढंच सांगतो की त्या रात्री ही पेटी कुणी उघडली नाही. घरातले सगळे म्हणतात, बघ, जिन्न खोटं बोलतो, पोथी तर गेली आहे. नाहीद पेटीपाशी बसते. झाकण आणि पेटी जिथे मिळतात तिथून मागच्या बाजूने वाळवीची माती चढलेली, सुकलेली, जुनी. झाकण उचललं असतं तर ती रेघ मोडली असती. नानांनी पुढच्या फळीच्या फटीतून उजेड टाकून पोथी नाही असं पाहिलं, झाकण उघडलंच नव्हतं. म्हणजे जिन्न खरं बोलला, पण त्याला पूर्ण खरं माहीत नव्हतं. पोथी त्या रात्री गेलीच नाही, कितीतरी आधी गेली. मग त्या रात्री कोण कुठे होतं याची सहा प्रकरणांत झालेली सगळी चौकशी कोसळते आणि कादंबरी पुन्हा पहिल्यापासून जिवंत होते. वाळवीची ती रेघ दुसऱ्याच प्रकरणात सहज दाखवून ठेव. नानी केरसुणी घेऊन ओरडतेय, “या घराला वाळवी खाणार एक दिवस,” एवढं पुरे.

जिन्नाला साक्षीदार कर. निकाल त्याच्याकडे नको.

दुसरी एक गोष्ट तुझ्या मसुद्यात अजिबात नाही आणि तिच्यावाचून नाहीद मला पुरी वाटणार नाही. एकोणपन्नासाव्या सूरतेत, हुजुरातमध्ये, बारावी आयत म्हणते की फार संशय घेऊ नका, एकमेकांच्या गोष्टींत डोकावू नका, पाठीमागे निंदा करू नका. आणि हेरगिरी करणारी मुलगी ही तुझी नायिका! तिला हे लहानपणी कुणीतरी शिकवलेलं असणार. शेजारच्या खालाच्या खिडकीतून आत बघताना तिच्या मनात ते येणारच. पण त्याच सूरतेतली सहावी आयत सांगते की भरवशाच्या नसलेल्या माणसाने बातमी आणली तर आधी तपासून घ्या, नाहीतर अजाणता कुणाचं तरी नुकसान कराल आणि मग पस्तावाल. एकाच सूरतेत डोकावू नको आणि तपासून घे, दोन्ही. नाहीदची सगळी कसोटी या दोहोंच्या मध्ये आहे. तिने कुणाचं पत्र उघडायचं की नाही? मुक्ता म्हणेल, उघड ना, कोण बघतंय. नाहीद नाही म्हणेल आणि त्यामुळे दोन प्रकरणं उशीर होईल. तो उशीर वाचकाला कळू दे. एखादेवेळी तिला मोह आवरणार नाही, ती डोकावेल, आणि ज्याच्यावर संशय घेतला तो निर्दोष निघेल. मग तिला जाऊन माफी मागावी लागेल. १५ वर्षांच्या मुलीने एका मोठ्या माणसाच्या दारात उभं राहून माफी मागण्याचा प्रसंग तू मनापासून लिही, घाई करू नकोस.

आता चोर. आमिल चोर नको. ताईत देणारा माणूस पहिल्या पानावर आला की वाचक त्याच्यावरच बोट ठेवतो, म्हणून रहस्य उरत नाही हे एक. शिवाय त्या जागी तू त्याच्याविषयीचा एक तयार समज उचलून ठेवला आहेस. त्याला खोटारडा ठेव, चोर नको. “मी चांदण्यात एक माणूस पळताना पाहिला,” असं तो सांगत फिरतो, कारण त्यामुळे त्याच्याकडे गर्दी वाढते. नानांच्या डायरीत हिजरी तारीख लिहिलेली आहे, २८. हिजरी महिना चंद्रदर्शनापासून सुरू होतो. अठ्ठाविसाव्या रात्री चांदणं कुठलं? मुक्ता घरी जाऊन भिंतीवरचं कालनिर्णय बघते, तर वद्य चतुर्दशी, दुसऱ्या दिवशी अमावस्या. दोन घरांच्या दोन कालगणना एकाच खोट्यावर येऊन मिळतात. तुझ्या दोन मुलींची मैत्री दाखवायला भाषणांची गरज नाही, हे एक पान पुरेसं आहे.

मग पोथी नेली कुणी? माझ्या मते मामांनी. नाहीदच्या घरात दर्ग्याला जाणारी नानी आहे, हे तू लिहिलंस. त्याच घरात दर्ग्याला न जाणारा, ताईत-गंडे मुळीच न मानणारा मामाही असू दे. अशी घरं खरोखर असतात, आणि तिथे जेवताना वाद होतात, मग सगळे मिळून चहा पितात. ‘जवाहर-ए-खम्सा’ हा मुहम्मद गौस यांचा सोळाव्या शतकातला ग्रंथ आहे. त्यात अल्लाहच्या नावांचे जप आहेत, त्या नावांचे अक्षरांशी, अंकांशी, ग्रहांशी जोडलेले संबंध आहेत, आणि अदृश्य शक्तींना बोलावण्याचे विधीही आहेत. मामाला वाटतं की हे घरात असू नये, म्हातारे नाना पूर्वी रात्र रात्र त्यात बुडून तब्येत बिघडवायचे, ते पुन्हा नको. त्याने ती पोथी प्रेमापोटी काढली. पण त्याने तिचं केलं काय? इथे नाहीद जिंकते. ज्या कागदावर अल्लाहचं नाव आहे तो मामा जाळणार नाही, रद्दीत घालणार नाही, कुठे टाकणार नाही. असे जीर्ण कागद जपून गोळा करतात, मग अदबीने जमिनीत पुरतात किंवा वाहत्या पाण्यात सोडतात. मशिदीत त्यासाठी पेटी किंवा पिशवी असते. नाहीदला मामाच्या स्वभावावरून आणि त्याच्या श्रद्धेवरून कळतं की पोथी कुठे असेल, आणि ते कागद दफन व्हायच्या आत तिला पोचायचं आहे. शेवटच्या तीन प्रकरणांची धावपळ तुला आपोआप मिळाली.

आता एक कर. नाहीदचं नाव खोडून तिथे दुसऱ्या कुठल्याही मुलीचं नाव घाल आणि कथा चालते का ते बघ. तुझ्या आत्ताच्या मसुद्यात चालते. नमाज, शिरखुर्मा, ओढणी, सलाम, सगळं आहे, पण गुंता त्यातल्या कशानेच सुटत नाही. वाळवी, अठ्ठाविसावी रात्र, हुजुरातच्या दोन आयती आणि जीर्ण पानांची पेटी घेतलीस, तर नाहीदच्या जागी दुसरं कुणी बसवता येणार नाही.

डिसेंबरची अडचण मात्र खरी आहे. हिजरी वर्ष आपल्या इंग्रजी वर्षापेक्षा १०-११ दिवसांनी लहान, म्हणून रमजान दरवर्षी तेवढा मागे सरकतो. २०१६ मध्ये तो जूनच्या उन्हात आला होता, २०२५ मध्ये मार्चमध्ये. डिसेंबरातला रमजान यापूर्वी १९९८ ते २००१ च्या सुमारास होता, आणि पुढचा २०३० च्या अखेरीस येईल. त्या वर्षी तर रमजान दोनदा सुरू होईल, जानेवारीत एकदा आणि डिसेंबरात एकदा. तेव्हा धुकं, रमजान आणि मुलींच्या हातातले टॉर्चवाले मोबाइल, ही तिन्ही एकत्र बसत नाहीत. एकतर कथा १९९९ च्या हिवाळ्यात ने आणि मोबाइल काढ, किंवा रमजान काढ.

मला विचारशील तर रमजान काढ आणि तानसेन समारोह घे. तो डिसेंबरातच, हजिऱ्यालाच, नाहीदच्या दाराशीच होतो. तानसेनची समाधी गौस साहेबांच्या मकबऱ्याच्या आवारातच आहे. समारोहाची सकाळ सनईने उजाडते, मग ढोलीबुवांची हरिकथा होते आणि मीलाद, म्हणजे पैगंबरांच्या जन्माचं गुणगानही होतं, एकाच जागी. मुक्ताचे आजोबा हरिकथेला आलेत, नाहीदचे नाना मीलादला, आणि दोघी मागच्या बाजूला मकबऱ्याच्या दगडी जाळीतून येणाऱ्या उजेडात कुजबुजताहेत. हे तुला नुसतं रचायचंही नाही. या डिसेंबरात जाऊन बस आणि बघ. त्या जाळ्यांचं वर्णन तू दोन ओळींत उरकलं आहेस, तिथे थांब. रहस्यकथेला एका बाजूने दिसणारी आणि दुसऱ्या बाजूने न दिसणारी भिंत मिळते, आणि तू तिला ‘सुंदर नक्षी’ म्हणून पुढे जातेस! तानसेनच्या समाधीजवळचं चिंचेचं झाड ठेव. त्याचा पाला चघळला की गळा गोड होतो, ही समजूत हजिऱ्याच्या प्रत्येक मुलाला माहीत असते.

किल्ला पूर्ण काढू नकोस. मुराद गेला तरी किल्ला गेटकडून चढणाऱ्या रस्त्यावरचं चतुर्भुज मंदिर आहे. तिथल्या इ. स. ८७६ च्या शिलालेखात २७० आणि ५० हे आकडे शून्यासकट कोरलेले आहेत, बागेच्या मापासाठी आणि रोजच्या फुलमाळांसाठी. नानांनी पोथीच्या समासात अबजद पद्धतीने काही आकडे लिहून ठेवले असतील, तर दोघींना तिथे जायचं कारण मिळेल. अबजदमध्ये प्रत्येक अक्षराला अंक असतो. जीमचे ३, नूनचे ५०, म्हणजे ‘जिन्न’ लिहिताना येणाऱ्या दोन अक्षरांची बेरीज ५३. बिस्मिल्लाहचे ७८६ तर दुकानाच्या पाटीवर तू रोज बघतेस. मुलांना सांकेतिक लिपी फार आवडते, त्यांना वही-पेन्सिल घेऊन बसायला लाव.

राहिली तुझी भीती. ती असू दे, त्यामुळे तू तपासून लिहिशील. मसुदा पूर्ण झाला की एखाद्या विद्वानाकडे जाण्याआधी नाहीदच्या वयाच्या दोन-तीन मुलींना वाचून दाखव. मराठी येत नसेल तर हिंदीत सांगत जा. “आमच्याकडे असं कुणी बोलत नाही” हे वाक्य त्या तोंडावर म्हणतील, आणि तेच तुला हवंय. त्यांच्या आयांनाही विचार, कारण १५ वर्षांच्या मुलीला रात्री नऊनंतर हजिऱ्याहून कोण एकटीला सोडतं? सोबत धाकटा भाऊ द्यावा लागेल, तो कटकट करेल, आणि प्रकरण त्यामुळे छान होईल. आयतींबद्दल मी जे लिहिलं ते तू एखाद्या जाणत्याकडून पुन्हा समजून घे. मामा आणि नानी या दोघांच्या बाजूच्या माणसांशी बोल, एकाशीच नको.

भाषेचं थोडक्यात. नाहीदच्या प्रत्येक वाक्यात माशाअल्लाह, इन्शाअल्लाह घालू नकोस. अम्मी, नाना, खाला, मामू ही हाकांची नावं ठेव आणि बाकी संवाद सरळ मराठीत लिही. दोघी आपसात हिंदीच बोलतात हे एकदा सांगितलं की वाचक समजून घेतो. आणि ग्वाल्हेरच्या मराठी मुलीच्या तोंडी पुण्याची मराठी घालू नकोस. मुक्ता ‘टेम्पोने बाड्यावर जाते’, तिला तसंच बोलू दे.

तिसऱ्या प्रकरणात पोलीस नाहीदच्या मोठ्या भावाला उगाच दहशतवादाच्या संशयावरून उचलतात, ते पूर्ण काढून टाक. तो विषय खोटा नाही, पण तुझ्या कादंबरीला त्याचं ओझं पेलणार नाही. मुसलमान कुटुंब आलं की तो प्रसंग यायलाच हवा असं तुला वाटलं, म्हणून तो आला आहे. त्या जागी नाहीदचा भाऊ परीक्षेत नापास होऊ दे, किंवा क्रिकेटमध्ये पाय मोडू दे. नाहीदला चांगली मुलगी ठरवण्याची धडपडही तू सगळीकडे केली आहेस. ती फजरच्या, म्हणजे पहाटेच्या नमाजाला उठायला कंटाळू दे, तिळाच्या गजकच्या शेवटच्या तुकड्यावरून मुक्ताशी भांडू दे, हट्टी असू दे. मला तिचा पाचव्या प्रकरणातला राग सगळ्यांत जास्त आवडला, नानांनी “मुलींनी यात पडू नये” म्हटल्यावर ती ताट सरकवून उठते तो. त्याला हात लावू नकोस.

सुरुवात सातव्या प्रकरणापासून कर. मुराद जिथे बोलतो तिथे जिन्नाचं ते एकच वाक्य ठेव आणि नाहीदला परत पेटीपाशी पाठव. ते झालं की मला तेवढी पानं पाठवून दे.